हजरजबाबी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हसन मास्टर नारपोलीच्या घरातून बाहेर पडले ते परतले नाहीत. वय एकाहत्तर. चाळीस वर्षे कापडाचे लूम दुरुस्त करण्यात गेली. अंगात राखाडी सदरा, पायात स्लिपर.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विचारले होते, "चाचा, आज वार कोणता?"

"तुमची फी बघता शनिवारच असणार, साडेसाती!"

घरचे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवशी बुधवार होता. विस्मरणाचा आजार घरच्यांना तोवर दिसलाच नव्हता, कारण अब्बांचे उत्तर नेहमी तयार असे.

मंगळवारी दुपारी मुलगा मुबश्शिरने मोबाइलवर हरवल्याची सूचना तयार केली : फोटो, फोन नंबर आणि 'डोके ठिकाणावर नाही'.

बहीण बुशरा म्हणाली, "हजरजबाबी आहेत, तेही टाक."

"हे काय लग्नाचं स्थळ आहे?"

"अरे, ते बोलायला लागले की आजार कुणाला खरा वाटणार नाही."

त्याने तो शब्द घातला नाही. सूचना सगळ्या ग्रुपवर गेली.

बुधवारी सकाळी जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामावरचा वॉचमन धाकल्या याचा फोन आला. दोघे भावंडे तिकडे गेली.

"फोटू म्या पायला व्हता," धाकल्या मान खाली घालून म्हणाला. "पन त्यात ल्हिलेला, डोका ठिकानावर न्हाय. ह्यो म्हातारा तं मलाच गप करून गेला. इचारला, काका, नाव काय? तं म्हनं, गेटावरचा पगार तू खातोस आन् हजेरी माझी घेतोस? आमी समदं हसलो. पानी पाजला. त्याचा तो गेला."

"नाव सांगितलं का त्यांनी?" बुशराने विचारले.

धाकल्याने वर बघितले. "न्हाय. नाव नाय सांगला."

मुबश्शिर गेटाबाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने फोन बहिणीच्या हातात दिला. तिने नवी सूचना लिहिली : 'हजरजबाबी आहेत. काहीही विचारा, लगेच उत्तर देतील, हसवतील. ते हरवले आहेत असे वाटणार नाही. नाव विचारा. नाव सांगितले नाही, तर कृपया जाऊ देऊ नका.'

गोदामाच्या कॅमेऱ्यात मंगळवारी संध्याकाळी पाच बावन्नला हसन मास्टर गेटाबाहेर पडताना दिसतात. मागे वळून ते काहीतरी बोलतात, वॉचमन हसतो. मग ते मानकोलीच्या दिशेने चालू लागतात. शुक्रवार दुपारपर्यंत त्यापुढची माहिती मिळालेली नाही.