उलट्या आट्याची टाकी

फिरत्या दवाखान्याच्या मोटारीत नोकरी करायची म्हणजे माणसानं आधी डोकं थंड ठेवायला शिकावं, आणि नेमकं तेच कंपाउंडर सेवकरामला जमत नव्हतं. मोटार म्हणजे कुठल्याशा धर्मादाय संस्थेनं दिलेली जुनी बस. तिच्यात औषधांची कपाटं, डॉक्टरांची खाट, मागच्या दाराशी गॅसची शेगडी आणि शेगडीखाली लोखंडी टाकी. टाकी संपली की रेल्वेनं नागपूरला पाठवायची, भरून परत यायची. अठ्ठावन्न सालच्या पौषात ही मोटार दरेकसा स्टेशनाजवळ मोहाच्या झाडाखाली उभी होती, आणि एके दिवशी हाडं गोठवणाऱ्या पहाटे शेगडी आपोआप विझली. पातेल्यातल्या सुया अर्धवटच उकळल्या होत्या.

डॉक्टर सायकलनं पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, गेले होते. ते दुपारी परतायच्या आत सुया उकळलेल्या हव्यात, आणि रिकामी टाकी दुपारच्या पॅसेंजरनं रवाना व्हायला हवी. एवढंच काम. पण हाताखाली माणसं कोण, तर ड्रायव्हर लखनलाल आणि स्वयंपाकाला असलेली धुरपताबाई. एकाला सगळंच येत होतं आणि दुसरीला कोणाचं काहीच ऐकायचं नव्हतं.

त्यात सेवकरामच्या डोक्यावर टांगती तलवार. मागच्या महिन्यात केशोरीच्या मुक्कामात शेगडीचा भडका उडून त्याची एक भुवई गेली होती. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "पुन्हा गॅसचा घोटाळा झाला, तर ज्याच्या हातून होईल तो भंडाऱ्याच्या गोदामात परत." त्या गोदामात आठ वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून सेवकराम आंबून गेला होता. इथं निदान लोक त्याला हात जोडत, पोराचा ताप उतरला की वाटीभर वाल आणून देत. काहीही झालं तरी त्याला परत जायचं नव्हतं.

म्हणून त्यानं टाकी बदलायचे नियम मोठ्या अक्षरांत लिहून दारावर चिकटवले होते. आसपास विस्तव नको. टाकीची चावी आधी बंद. दारं-खिडक्या सताड उघड्या. आणि खाली दोन रेघा मारून: रिकामी वाटली तरी टाकी भरलेलीच समजावी.

"लखनभाऊ, बिडी विझवा!"

"अरे बाबू, खाली टंकी हाये ते. खाली टंकीले कायले भेता?"

"वाचता येते ना तुमाले? मंग वाचा!"

लखनलालनं बिडी विझवली, पण कानामागे खोचून ठेवली. ते पाहून सेवकरामचं डोकं आणखी फिरलं. तेवढ्यात त्याला धुरपताबाईची चूल दिसली. झाडाखाली, मोटारीपासून दहा पावलांवर, भात रटरटत होता.

"विझवा ते चूल!"

"भात अर्धा कच्चा हाये नं, बाबू."

"राहू द्या कच्चा! तीन जीव जातीन, तवा भात कोन खाईन?"

धुरपताबाईनं तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. धूर थेट सेवकरामच्या डोळ्यांत गेला. तो तिनं मुद्दाम तिकडे जाऊ दिला असावा. वयानं ती त्याच्या आईएवढी होती, आणि अर्धकच्च्या भातासाठी कोणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. गळती बघायला लागणारी साबणाच्या पाण्याची बादली मात्र तिनं सांगितल्याप्रमाणे दाराशी आणून आदळली.

तोवर लखनलाल पाना घेऊन नटाला भिडला होता. अंगातला सगळा जोर लावून तो नट नेहमीसारखा डावीकडे फिरवत होता.

"उलटा आटा हाये त्याले! उजवीकडं फिरवा!"

"बीस साल से गाडी चलाऊन राहिलो मी. नट कसा खुलते, हे तू मले शिकवशीन?"

"तुमी खोलून नाई, आवळून राहिले!"

नट आवळला गेला होता, तोही असा की सुटायचं नाव घेईना. सेवकरामनं पाना हिसकावून घेतला. तेल सोडलं, लाकडानं ठोकलं, हात सोलून निघाले. यात तासभर गेला. पौषातलं ऊन एव्हाना दारातून थेट टाकीवर पडलं होतं. पॅसेंजर चुकणार या काळजीनं सेवकराम चरफडत होता, नट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

शेवटी नट हलला. सुटला. आणि फुस्स करून गार वारा त्याच्या तोंडावर आला.

कुजक्या कांद्यासारखा वास मोटारभर पसरला. टाकी रिकामी नव्हतीच. पहाटेच्या थंडीनं आतला गॅस वर येईना, एवढंच झालं होतं. उन्हानं टाकी तापली आणि तो आपला निघाला. आणि टाकीची चावी उघडीच होती. पहाटे शेगडी विझल्यावर फक्त शेगडीचं बटण बंद करून तो लखनलालवर खेकसायला धावला होता.

नेमकी त्याच क्षणी धुरपताबाई मागच्या दाराशी आली. हातात ताट, ताटात कुंकू, आणि मधोमध पेटलेलं निरांजन.

घरातून जाणाऱ्याला ओवाळल्याशिवाय सोडायचं नाही, ही तिची रीत. सासरी निघालेली लेक असो की बाजारात चाललेला बैल. दोन महिने सुया उकळून देणारी टाकी ती तशीच कशी धाडणार?

सकाळपासून नुसता ओरडणारा सेवकराम ऐन वेळेला तिच्याकडे पाना हलवत राहिला. धुरपताबाईनं मात्र पायरीवर पाय ठेवण्याआधीच नाक मुरडलं, आणि क्षणाचाही विचार न करता निरांजन साबणाच्या बादलीत बुडवलं.

सेवकरामनं चावीवर झडप घातली. नट उलटा, म्हणजे चावीही उलटीच, असं घाबरलेल्या डोक्यानं ठरवलं आणि त्यानं ती डावीकडे फिरवली. फुसफुस दुप्पट झाली.

"चाबी सुलटी हाये, बाबू! सुलटी!" लखनलाल ओरडला, आणि त्याचा हात बाजूला सारून त्यानंच ती बंद केली.

तिघं धडपडत बाहेर आले. लखनलालनं कानामागची बिडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि लांब झुडपात फेकून दिली. विझलेल्या चुलीपाशी बसून तिघंही वास जायची वाट बघू लागले.

वास गेला, नवी टाकी लागली, तोवर पॅसेंजर निघून गेली होती. सुया नुकत्याच उकळायला ठेवल्या होत्या. डॉक्टर आले, त्यांनी बादलीत तरंगणारी वात पाहिली, झाला प्रकार ऐकून घेतला आणि विचारलं, "टाकीची चावी कोणी उघडी ठेवली?"

लखनलाल आभाळाकडे बघू लागला. धुरपताबाई भाताची शितं चिवडू लागली. दोघांनीही त्याचं नाव घेतलं नाही, आणि सेवकरामला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

"मी, साहेब. वळकटी बांधून ठेवतो माझी."

डॉक्टरांनी दारावरचा कागद वाचला, सेवकरामच्या उरलेल्या एका भुवईकडे पाहिलं. "वळकटी राहू द्या. सुया कोण उकळणार? पण आजपासून टाकीची चावी धुरपताबाई बंद करतील. तुम्ही त्यांना विचारूनच पुढं हात लावायचा."

डॉक्टर आत गेल्यावर धुरपताबाईनं कुंकवाचं ताट पुन्हा घेतलं, या खेपेला निरांजनाशिवाय. उद्याच्या गाडीनं जाणाऱ्या टाकीला तिनं कुंकवाचं बोट लावलं. मग वळून सेवकरामच्या कपाळालाही लावलं.

"मले कायले?" सेवकराम वैतागला. "मी कुठं जाऊन राहिलो?"

"सकाळी जाऊनच राहिला होता ना, बाप्पा," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिनं त्याला एकेरी हाक मारली होती. "बस आता. भात शिजवतो."

सेवकराम बसला. कुंकू त्यानं पुसलं नाही.