साठीच्या शेवया

थॉर्प सरांना चीनमध्ये अकरा वर्षं झाली होती आणि हा देश आपल्याला कळला, असा त्यांचा पक्का समज होता. चीलिन शहरात नवे आले तेव्हा इमारतीचा रखवालदार रोज विचारायचा, "जेवलात का?" आणि हे इंग्रज गृहस्थ काय काय खाल्लं ते सांगत बसायचे. तो इथला रामराम आहे हे कळल्यावर तेही जाता जाता नुसतं "तुम्ही?" म्हणत. इथे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, 'बघू' म्हणतात, हेही ते नव्या परदेशी मास्तरांना ऐटीत समजावून सांगत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

येत्या रविवारी त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. साठीनंतर परदेशी माणसाला कामाचा परवाना मिळणं मुश्कील. शाळेनं खास अर्ज केला तरच आशा. शाळा तोंग बाईंची, आणि बाई सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. अर्जाचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बघू ना, सर." सर खूश झाले. तिकडे इंग्लंडात, लीड्सला त्यांचं उरलं होतं कोण? बहीण गेली, घर विकलं. इथे निदान भाजीवाली नावानं हाक मारायची.

मग बाईंनी रविवारी घरी जेवायला बोलावलं. वाढदिवसाला इकडे रश्शातल्या लांबच लांब शेवया घालतात, आयुष्य तेवढंच लांबावं म्हणून. शेवया वाढल्या की अर्ज झालाच, असं सरांनी मनाशी ठरवूनही टाकलं. संत्री घेऊन ते निघाले.

स्वयंपाकघरात बाईंची आई पिठाच्या चकत्या लाटून त्यात कोबी आणि खिमा भरत होती. शेवया नव्हत्या, डंपलिंग होते. सरांनी संत्री ओट्यावर ठेवली. येणाऱ्याला शेवया, निघणाऱ्याला डंपलिंग, ही रीत इकडे पोराटोरांनाही ठाऊक.

"या या, मास्तर! पोटभर खाऊन घ्या. विमानात म्हणे घासभरच देतात."

"आई!" तोंग बाई ओरडल्या.

"का गं? अख्ख्या शाळेला माहीत आहे. यांनाच सांगितलं नाहीस होय?"

बाईंनी पाठ ताठ केली आणि इंग्रजीत बोलायला लागल्या. आधी सरांच्या कामाचं कौतुक. मग, असं ठरलं आहे की अर्ज करता येणार नाही. कुणी ठरवलं? त्याचा पत्ता नाही. शेवटी शुभेच्छा. सर ऐकत राहिले. इंग्रजीत वाईट बातमी कशी सांगावी, हा धडा त्यांनीच शिकवला होता. 'मी' गाळायचा, हे त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं. बाईंनी एक शब्द चुकवला नाही. आपणच पाजळलेलं हत्यार आपल्याच मानेवर! सरांना संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. 'बघू' त्यांना ऐकू आलं होतं की, त्यांनीच कानाआड केलं होतं.

म्हातारीनं थाळी पुढे सरकवली. "घ्या, मास्तर, निवतायत."

सरांनी एक डंपलिंग व्हिनेगरमध्ये बुडवला. "मावशी, परत आलो तर शेवया घालाल ना?"

म्हातारीनं लेकीकडे पाहिलं. लेक खाली बघत संत्रं सोलत होती.

"बघू ना," म्हातारी म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी दोन वाढले.