लोटन दरवाजा

"अक्का, हाई बठ्ठं लिखेल शे, त्यामा त्यासनं नाव कोठे शे?"

रत्नाबाईने पाटीकडे बोट करून प्रमिलाबाईंना विचारलं.

पांझरेकाठच्या जुन्या सरकारी कचेरीत आज समारंभ होता. इंग्रजी अमदानीतली ती काळ्या दगडाची इमारत डागडुजी होऊन पुन्हा ताठ उभी राहिली होती. नदीकडच्या दाराशी तिच्या इतिहासाची नवी पाटी बसवली होती. त्या दाराला सगळं गाव लोटन दरवाजा म्हणायचं. पुराच्या वर्षी लोटन शिपाई आतली माणसं माडीवर चढेपर्यंत त्या दाराला पाठ लावून उभा राहिला. मग दार गेलं आणि लोटनही गेला. सगळ्यांत शेवटी जिना चढली ती नव्याने लागलेली टायपिस्ट, प्रमिला.

आणि पाटीवर मथळा होता 'लोटण दरवाजा'. खाली एक ओळ, 'हे जड दार जोराने लोटून उघडावे लागे, म्हणून हे नाव.'

सकाळी ती वाचताच प्रमिलाबाईंनी पाटीचं काम बघणाऱ्या हितेंद्र साहेबांना गाठलं होतं.

"साहेब, लोटन माणूस होता हो! आमच्याकडे नाव असतं तसं."

"अहो मावशी, मी फोनवर विचारलं, लोटायचं म्हणून लोटण ना? तुम्हीच म्हणालात, हो हो, लोटनच. आता दगडात कोरून झालं."

खरं होतं. फोनवर त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू आलं होतं. पण 'मला ऐकू येत नाही' म्हणायची लाज वाटली आणि त्या हो म्हणून मोकळ्या झाल्या.

लोटनची बायको रत्नाबाई शिंदखेड्याहून नवं लुगडं नेसून आली होती. सोबत कॉलेजात जाणारी नात, कामिनी.

"वाची दखाडा ना, अक्का. मी कोठे शिकेल शे?"

प्रमिलाबाईंनी चष्मा पुसला. परत पुसला.

"पुराच्या वर्षी लोटन शिपायाने या दाराला पाठ लावली," त्या वाचू लागल्या, "आणि आतली माणसं वाचवली. म्हणून हा लोटन दरवाजा."

कामिनीची नजर पाटीवरून खाली उतरली, शेवटच्या ओळीशी थांबली आणि तिथून प्रमिलाबाईंकडे वळली. त्यांनी मान खाली घातली.

"नाव कोनतं?"

प्रमिलाबाईंनी रत्नाबाईचं बोट धरून मथळ्यावर ठेवलं. ती अक्षरांच्या खाचांतून हळूहळू बोट फिरवू लागली. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं.

"आजी, फोटो काढस," कामिनी म्हणाली. "बोट तठेच ठेव. पंजा खाले ठेव. आखीन खाले."

खालची ओळ पंजाआड गेली.

"अक्का, तुम्हीबी या ना फोटोमा," रत्नाबाई हसून म्हणाली.

कामिनीने मोबाईल आजीवरच रोखून धरला. प्रमिलाबाई दारापासून मागे सरल्या.