पाव्हण्याचं दळण

बाळीवेशीतला शिवकुमार साडेसहा फुटांच्या जवळपास. गेली सतरा वर्षं तो बास्केटबॉलवर पोट भरत आला. आधी एका बँकेच्या संघात, मग एका साखर कारखान्याच्या, मग बंगळूरच्या एका लीगमध्ये, जी दुसऱ्याच वर्षी गुंडाळली गेली. पुढं चेन्नई, इंदूर, कोची, मध्येच मस्कत. करार कुठंही एका हंगामाचा. तो चमकला असं कुणी म्हणणार नाही. समोरच्या संघातल्या नावाजलेल्या गड्याला अंगानं रेटून दमवायचं, एवढंच त्याचं काम. असली माणसं तुरटीसारखी. कौतुक कुणी करत नाही, पण घरात नसली की बरोबर आठवतात. म्हणून त्याला बोलावणं कायम येत राहिलं.

घरी यायचा तो दिवाळीला आणि उन्हाळ्यात. त्यामुळे गल्लीत त्याचं नाव पडलं पाव्हणं. आमचं किराणा दुकान त्यांच्या दारासमोरच, तेव्हा हे नाव कुणी पाडलं ते आम्ही सांगत नाही.

नाव खोटंही नव्हतं. त्याची बायको सिद्धेश्वरी पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदा चालवते. तिच्यापुढं कापडवाले व्यापारीही मोजकं बोलतात. पण नवरा आला की तिचा आवाजच बदलायचा. रोज शेंगापोळी, वर तूप, आणि अजून अर्धी घ्या की म्हणून आग्रह. पाण्याची घागर उचलायला गेला तर ती हातातून काढून घ्यायची. जावयाचं जेवढं कौतुक होतं तेवढं नवऱ्याचं.

यंदा मार्चमध्ये तो आला तो गुडघा धरून, आणि आता कायमचा आलो म्हणाला. जूनमध्ये जवळच्या एका शाळेत पोरांना खेळ शिकवायला लागलासुद्धा. सिद्धेश्वरी बरं झालं म्हणाली आणि शेंगापोळ्या करायला घेतल्या. तिचंही चूक नव्हतं. हा शेवटचा हंगाम असं त्यानं याआधी तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा पुढच्या हंगामाला बॅग भरून दिली होती तिनंच. आम्हीदेखील त्याच्या त्या वाक्याला भाव देणं सोडलं होतं.

शिवकुमार मात्र कासावीस व्हायला लागला. एकदा दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "मालक, गुडघा होईल बरा. पण ही मला घरातला कवा धरायची?"

श्रावणात कोचीहून फोन आला. तो अंगणात येरझाऱ्या घालत हिंदी-इंग्रजीत बोलत होता. मशिनच्या आवाजात सिद्धेश्वरीला रविवार आणि गाडी एवढे दोनच शब्द नीट ऐकू गेले. तिला तेवढे पुरले. संध्याकाळी तो शाळेतून आला तर बॅग भरून दारात तयार, वर शेंगाचटणीचा डबा.

ही कुणाची म्हणून त्यानं विचारलं. तुमचीच, रविवारची गाडी न्हवं का, असं ती मऊ आवाजात म्हणाली. समोर आम्ही बरण्या पुसत होतो. त्या दिवशी बरण्या फार स्वच्छ झाल्या.

"गाडी दुसऱ्याची हाय," शिवकुमार म्हणाला. "इंदूरचा माझ्या ओळखीचा एक गडी जातोय. मी न्हाई म्हणून सांगितलं."

सिद्धेश्वरी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "न्हाई म्हणलात, तर मला सांगायला तोंड न्हवतं? दुपारपासनं चटणी कुटतीय मी."

बॅग आत गेली आणि ज्वारीचा डबा बाहेर आला. राहणारच असाल तर दळण आणा, आणि ज्वारीवरच टाकायला सांगा, असा हुकूम सुटला.

गिरणीवाल्या संगप्पानं त्याला बघितलं आणि पाव्हणं, पुढं या म्हणून हाक मारली. हा रांगेतच थांबला. इथवर ठीक होतं. नंबर आला तेव्हा ज्वारीच चालू होती, पण मागं मथुराबाई हरभऱ्याची डाळ घेऊन घाईत उभ्या. त्यानं आपला नंबर त्यांना देऊन टाकला. मग त्याच पिठावर याची ज्वारी पडली. चालेल का, असं संगप्पानं विचारलं होतं म्हणे. यानं मान हलवली.

भाकरी पिवळी झाली आणि थापतानाच चिरली. पुढचं ऐकायला गल्लीला कान लावावे लागले नाहीत. हरभऱ्यावर ज्वारी घालतं का कुणी, एवढी उंची घेऊन अक्कल कुटं ठिवली, शाळेत पोरांना हेच शिकवता का, असं बराच वेळ चाललं. अजून अर्धी घ्या की, हे काही त्यात ऐकू आलं नाही.

जेवण करून शिवकुमार आमच्या पायरीवर येऊन बसला. त्याचा चेहरा खुलला होता.

"ऐकलंत का?" त्यानं हळूच विचारलं.

सगळ्यांनीच ऐकलं, असं आम्ही सांगितलं.

"लई बोलली," तो म्हणाला आणि पाय लांब सोडले. "उद्या परत दळण हाय. ह्या टायमाला ती संगप्पाला फोन करून ठिवणार हाय."