टोके पाहिल्याशिवाय मी सांधत नाही

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. काचेचे तंतू सांधणे हे माझे काम. तुमच्या घरात इंटरनेट आणणाऱ्या केबलच्या पोटात केसाएवढे बारीक काचेचे तंतू असतात. ते तुटले की माझी पेटी उघडतात. मी दोन्ही टोके समोरासमोर धरतो, भिंगातून मोठी करून पाहतो आणि पसंत पडली तरच ठिणगी पाडून त्यांना एकजीव करतो. टोक वाकडे असले, त्यावर धुळीचा कण दिसला, तर सरळ नकार देतो. सांधल्यावरही माझे समाधान होत नाही. जोड ओढून पाहतो. संशय हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे म्हणा ना.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. सिंगापूरला आलो तो एका मोठ्या ठेकेदार कंपनीत. तिथे वर्षानुवर्षे राबलो. पाहुणे आले की मला टेबलावर मांडून कौतुक होई. मग नवे यंत्र आले आणि मला कपाटात ढकलले गेले. इथल्या दमट हवेत, बंद पेटीत, माझ्या भिंगांवर बुरशी धरू लागली. तिथून मला कादंबरीने विकत घेतले.

कादंबरी मूळची पुण्याची, इंजिनिअर. सिंगापूरच्या पाया लेबार भागातली ऑफिसातली नोकरी सोडून तिने स्वतःची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे ती, हकीम नावाचा मलय तंत्रज्ञ, एक व्हॅन आणि मी. तिने माझी भिंगे साफ करून घेतली, ठिणगीच्या सुया बदलल्या. काम मात्र आम्हांला तिसऱ्या हाताने मिळे. टेलिफोन कंपनी मोठ्या ठेकेदाराला काम देई, तो दुसऱ्याला, आणि दुसरा आम्हांला. सांधा आमचा, पण आमचे नाव कुठेच नसे.

एके दिवशी त्या टेलिफोन कंपनीने जाहीर केले की बायकांच्या मालकीच्या, लहान, आजवर दाराबाहेर राहिलेल्या व्यवसायांना ती थेट काम देणार. अट एकच. काम स्वतःच्या माणसांनी करून दाखवायचे.

कादंबरीचा नवरा धवल बँकेत जोखीम तपासतो. ताटावर बसल्याबसल्या तो म्हणाला, "एवढं प्रेम अचानक कुठून उतू चाललंय? फोटोला एक बाई हवी असेल त्यांना."

"मग पैठणी नेसून जाते."

"चेष्टा नाही करत मी."

"मी तरी कुठे करतेय?" ती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. कोपऱ्यातल्या पेटीत मलाही त्यात देखाव्याचाच वास येत होता.

रविवारी पद्माकर आला. ज्या दुसऱ्या ठेकेदाराकडून आम्हांला काम मिळे, तिथला तो मॅनेजर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कादंबरी आणि तो दरवर्षी एकाच पंक्तीत वाढायला असत. चहा होईपर्यंत तो हवापाण्याचेच बोलला. एवढे गोड बोलणारे टोक मी तरी दोनदा तपासले असते.

"अर्ज तुझ्या नावानं कर," तो म्हणाला. "माणसं माझी, यंत्र माझं. तू फक्त मालकीण म्हणून उभी राहा."

"म्हणजे पाटी माझी आणि दुकान तुमचं."

"अगं, पाटीलाही भाडं मिळतं. आणि हे तुझं खोकं तपासणीला नेलंस तर हसतील लोक."

"मी नाही म्हटलं तर, पद्माकरदादा?"

"तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. सगळ्याच कामाला." 'सगळ्याच' हा शब्द त्याने चहात बिस्कीट बुडवता बुडवता उच्चारला.

त्याने काम थांबवले तर व्हॅन उभी राहणार, हकीमला घरी पाठवावे लागणार आणि कंपनीला कुलूप लागणार, हे आम्हां सगळ्यांना कळले. कादंबरी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. अर्ज मात्र तिने भरला, आणि तपासणीच्या दिवशी हकीमला सुट्टी दिली. मग माझा तिच्यावरही संशय बसला.

तपासणी जुरोंग ईस्टमधल्या एका इमारतीत होती. पद्माकर आपली दोन माणसे घेऊन आला. त्यांच्या अंगात कादंबरीच्या कंपनीचे टी-शर्ट होते, पण त्यांच्यावरची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्यांच्या थंडगार गाडीतून नवे कोरे यंत्र उतरले. कादंबरीने मलाही आणले होते. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तिने सवयीने माझे झाकण उघडून ठेवले. गारव्यातून आल्यावर इथल्या उकाड्याची मला सवय होऊ दिल्याशिवाय ती कधी काम सुरू करत नाही.

टेलिफोन कंपनीच्या मिस ओंग आल्या. हसल्या नाहीत. त्या मला आवडल्या.

नव्या यंत्रात तंतू ठेवले आणि पडद्यावर नुसते धुके दिसले. थंड भिंगावर बाष्प धरले होते. एकाने खिशातून टिश्यू काढला.

"पुसू नका," कादंबरी पटकन बोलून गेली. "ओरखडे पडतील. उघडं राहू दे थोडा वेळ."

तो माणूस तिच्याकडे न बघता पद्माकरकडे बघू लागला. मिस ओंगनी ते पाहिले.

"युअर पीपल, हं?" त्यांनी विचारले. "सिन्स व्हेन?"

पद्माकरने हळूच मराठीत सांगितले, "दोन वर्षं म्हण."

कादंबरी इंग्रजीत म्हणाली, "आजपासून. ही माझी माणसं नाहीत. माझा माणूस आज सुट्टीवर आहे, आणि ती सुट्टी मीच दिली."

"देन हू कॅन डू?"

"मी."

तिने मला पुढे ओढले. मित्रांनो, पहिले टोक मी नाकारले. ते खरेच वाकडे होते. पद्माकर हसला. तिने तंतू पुन्हा कापला आणि परत माझ्यासमोर धरला. मी उलटसुलट पाहिले, खोट सापडली नाही. ठिणगी पडली. जोड ओढला, तुटला नाही.

"ओल्ड मशीन, बट कॅन लाह," जुने आहे पण जमते, असे इथल्या बोलीत म्हणून मिस ओंग कसलाही शब्द न देता निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवसापासून पद्माकरकडून येणारे काम बंद झाले. धवलने "मी म्हटलं नव्हतं?" असे एकदाही विचारले नाही, यावरून तोही घाबरला होता हे मी ओळखले. व्हॅन उभी राहिली. हकीम रोज येऊन मला पुसून जाई.

मग टेलिफोन कंपनीचा निरोप आला. सगळा भाग नाही, जुरोंग ईस्टमधल्या थोड्याच इमारती. वर्षभरासाठी. पण थेट, आणि कादंबरीच्या नावाने. अधूनमधून मिस ओंग न सांगता तपासायला येणार, हेही त्यात होते. ते वाचून मला पहिल्यांदा बरे वाटले. ज्याला नुसता देखावा करायचा असतो, तो पुन्हा तपासायला येत नाही.

तरी मी पुरता निश्चिंत नाही. परवा टेलिफोन कंपनीचा फोटोग्राफर आला आणि माझे ओरखडे पाहून म्हणाला, हातात नवे यंत्र धरा. कादंबरी म्हणाली, "मग त्या यंत्राचाच फोटो काढा. आम्हांला उशीर होतोय." आणि आम्ही कामावर गेलो.

मित्रांनो, मला टेबलावर मांडू नका, माझ्या नावाच्या टाळ्या वाजवू नका. कपाटात मी कुजत होतो, तेव्हाही माझी स्तुती करणारे होतेच. झाकण उघडा, भिंगे पुसा, आणि समोर तुटलेला तंतू ठेवा. ज्याला आजवर दाराबाहेर उभे केले, त्यालाही असेच आत घ्या. हातात खरे काम द्या, मग हवे तेवढे तपासा.