साहेबांचे ठोके

ऑफिसात चालण्याची स्पर्धा लागली आणि साहेबांनी आपलं जीपीएसवालं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. "मावशी, झाडताना तुम्ही तशाही दिवसभर चालताच की."

मी आवार आणि आठ मजले झाडत राहिले. त्यांच्या मोबाईलवर नकाशा रंगत गेला, आयत्या पिठावर रेघोट्या.

पाचव्या दिवशी मी दम खात पायरीवर बसले, तर घड्याळ थरथरायला लागलं. तेव्हा साहेब पहिल्यांदा धावले.

"बसूनसुद्धा ठोके दीडशे? जरा बेतानं, मावशी. माझा रिपोर्ट बिघडतोय."

मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "रिपोर्ट तुमचा, साहेब. छाती माझी आहे. उरलेले मजले तुम्हीच चढा."

डॉक्टरकडे जायचं होतं, पण त्यासाठी आधी उठायला हवं होतं.