निम्म्यावर आलेला ठिपका

दवाखाना विकल्याचे पैसे ताईच्या खात्यात जमा झाले आणि त्याच आठवड्यात, ते कुणी सांभाळायचे यावरून घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात तिचा नवरा होता, दुसऱ्यात तिचा धाकटा भाऊ. ताई दातांची डॉक्टर. हाताला कंप सुटू लागला तेव्हा कुणी सांगायच्या आत तिनं काम थांबवलं होतं. पुढचं आयुष्य याच पैशांवर काढायचं होतं, त्यामुळे वाद घरगुती असला तरी लुटुपुटूचा नव्हता.

ताईच्या नवऱ्याला भाऊ दाजी म्हणायचा. हळूहळू सगळेच म्हणू लागले. दाजींची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली होती. टाकीतली पातळी आलेखाच्या कागदावर ठिपक्यानं मांडायची, ठिपके जोडायचे, रेघ चढतेय की उतरतेय ते पाहून पंप चालू ठेवायचा किंवा बंद करायचा. पाणी का चढलं, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. निवृत्तीनंतर तीच पद्धत त्यांनी शेअरबाजाराला लावली. चढत्या भावाचा शेअर घ्यायचा. दिवसाचा बंद भाव गेल्या काही महिन्यांच्या सरासरीच्या रेघेखाली उतरला, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे विकायचे. बातम्या वाचायच्या नाहीत, कंपनीची मेल उघडायची नाही. वाचलं की मत होतं आणि मत झालं की हात अडखळतो, असं त्यांचं म्हणणं.

भाऊ हिशेबतपासनीस. त्याच्या लेखी हा प्रकार म्हणजे मेंढरांच्या मागे चालणं होता. कंपनी काय बनवते, कर्ज किती, नफा खरा की कागदावरचा, हे बघावं, स्वस्तात घ्यावं आणि गप्प बसावं. चढलेल्या भावात घेणं म्हणजे सुटलेल्या बसमागे धावणं, असं तो म्हणे. त्यावर दाजींचं उत्तर ठरलेलं होतं: थांब्यावर उभी असलेली बस बिघडलेलीही असू शकते, धावणाऱ्या बसचं निदान इंजिन तरी चालू असतं.

ताईनं दोघांना सारखीच थोडी रक्कम दिली आणि वर्षअखेरीपर्यंत मुदत दिली. उरलेले सगळे पैसे दोघांपैकी एकाच्या हाती जायचे होते. अट मात्र दोघांच्याही डोक्यात नव्हती अशी निघाली.

"दात काढायच्या आधी मी पेशंटला सांगायचे, कुठला काढतेय आणि का," ती म्हणाली. "तुम्हीही सांगायचं. दोन वाक्यांत. किती कमावलंत ते मला बँक सांगेल."

गंमत अशी की दोघांनी एकाच कंपनीचे शेअर घेतले. पाण्याचे मीटर बनवणारी कंपनी होती. भावानं घेतले, कारण तिच्यावर कर्ज नव्हतं. दाजींनी घेतले, कारण रेघ चढत होती. ती मीटर बनवते हे त्यांना मेहुण्याकडून कळलं. पाणीवाल्याला मीटरवाली कंपनी आपोआप सापडली, यावर ताई बराच वेळ हसत होती.

उन्हाळा सरता सरता एका संध्याकाळी दाजी रोजच्यासारखा ठिपका मांडायला बसले आणि ठिपका कागदावर मावेना. भाव आदल्या दिवसाच्या निम्म्यावर आला होता. त्यांनी खाली कागदाची पट्टी चिकटवली, ठिपका दिला, फूटपट्टीनं रेघ ओढली. सकाळी बाजार उघडताच फोनवर सगळे शेअर विकून टाकले. खात्यातला आकडा त्यांनी पाहिला नाही. आकडाही मत बनवतो म्हणे. बायकोचे निम्मे पैसे बुडवले, असं धरून ते दोन दिवस घरात पाय न वाजवता वावरत होते.

मेहुणा आला तेव्हा त्यानं तो पट्टी चिकटवलेला कागद पाहिला आणि खुर्चीत बसून घेतलं.

"दाजी, हे विभाजन आहे. कंपनीनं एका शेअरचे दोन केले. नोट मोडून सुट्टे घेतले तर माणूस गरीब होतो का?"

दाजींनी खातं उघडलं. विकलेल्या शेअरांची संख्या दुप्पट होती, पैसे जवळपास जागच्या जागी होते. फोनवरच्या आलेखानं जुने भाव आपोआप निम्मे करून घेतले होते. हातानं काढलेल्या आलेखाला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारी मेल न उघडता पडून होती.

मेहुणा म्हणाला, परत घ्या, भाव अजून रेघेच्या वरच आहे, तुमचाच नियम आहे. ते खरं होतं. पण दाजींना आधी सगळा आलेख निम्म्या भावानं नव्यानं काढायचा होता. चुकीच्या कागदावरून पुढचा निर्णय घ्यायचा नाही, ही नोकरीतली सवय. मेहुणा जाताना जिन्यावरून ओरडला, की तोपर्यंत कंपनी नवीन मीटर काढेल.

नवा आलेख पुरा व्हायच्या आत बातमी आली. मीटर जास्तीचं पाणी दाखवतात, असं निघालं. एकामागून एक मागण्या रद्द झाल्या. भाव एका सकाळीच इतका खाली उघडला की विकायला मधे कुठे जागाच राहिली नाही. मेहुण्यानं ताळेबंद पुन्हा तपासला, तो अजूनही चांगला होता, म्हणून आणखी शेअर घेतले. भाव आणखी पडला.

वर्षअखेरीला तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. भावाचा चेहरा उतरला होता, पण त्यानं मोठ्या मनानं सुरुवात केली. दाजींचं खरं ठरलं, भाव आधी बोलतो, कागद मागाहून बोलतात; दाजी वेळेवर बाहेर पडले, मी ताळेबंद कवटाळून बसलो. ताईनं मान डोलावली आणि नवऱ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मेहुण्यानं वाक्यंसुद्धा तयार करून दिली होती.

"मी चुकून विकले," दाजी म्हणाले. "नियमानं चाललो असतो तर ह्याच्याइतकं नाही, पण चांगलंच बुडालो असतो."

"दाजी, आता कशाला?" मेहुणा म्हणाला.

दाजींनी नवा आलेख टेबलावर पसरला आणि नियमानं विक्री कुठे झाली असती तिथे पेन्सिल टेकवली. टोक बरंच खाली होतं.

ताईनं चष्मा लावून कागद पाहिला. "म्हणजे चुकीचा दात काढला आणि दुखणं थांबलं."

"हो."

"आणि पेशंट पेढे घेऊन आभार मानायला आला."

"मीच आलो," भाऊ म्हणाला.

तिनं निकाल दिला. उरलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत जातील. दोघांकडे आहे तेवढं आणखी एक वर्ष राहील. दाजींच्या कंपन्यांच्या मेल भावानं उघडायच्या, आणि भावानं आणखी शेअर घेण्याआधी दाजींना रेघ विचारायची.

दोघं एकदमच बोलू लागले. महागाई ठेवीचं व्याज खाऊन टाकते, असं भावाचं म्हणणं. ठेवीची रेघ चढतही नाही, उतरतही नाही, असं दाजींचं. भावानं आकडे काढले, दाजींनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ते ठिपक्यांनी मांडले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच दोघांच्या खुर्च्या टेबलाच्या एका बाजूला आल्या.

ताईनं दोन वाक्यांच्या अटीची आठवण करून दिली आणि कप विसळायला उठली.